अद्भुत कादंबऱ्यांत मोठे होणे हा अपराध का ठरतो?

प्रश्न
मुलांच्या अद्भुत कादंबऱ्यांत मोठे होणाऱ्याला शिक्षा का होते? सी. एस. लुईस यांच्या नार्निया मालिकेच्या १९५६ सालच्या अखेरच्या पुस्तकात चार भावंडांपैकी थोरली बहीण सुसान नार्निया या जादूच्या देशात परतत नाही. ती आता नार्नियाची राहिली नाही आणि तिला नायलॉनचे पायमोजे, लिपस्टिक व आमंत्रणे यांपलीकडे कशातच रस नाही, असे सांगून बाकीचे मोकळे होतात. माझ्या अकरा वर्षांच्या मुलीने तिथेच पुस्तक मिटून विचारले, ‘‘म्हणजे मी लिपस्टिक लावली तर मलाही घेणार नाहीत?’’ मी निरुत्तर झाले.

प्रतिसाद १
तिथेच पॉली, म्हणजे पूर्वी नार्नियाला जाऊन आलेली वयस्क बाई, काय म्हणते, तेही मुलीला वाचून दाखवा. सुसानने शाळेची वर्षे आजचे वय गाठण्याच्या घाईत दवडली आणि उरलेले आयुष्य ती याच वयाला चिकटून राहण्यात दवडील, अशी पॉलीची तक्रार आहे. म्हणजे दोष वाढण्याचा नसून अडकून पडण्याचा आहे. अर्थात, सुसानला स्वतःची बाजू मांडायला लेखक एक वाक्यही देत नाही, हे मलाही खटकते.

प्रतिसाद २
अडकून पडण्याची किंमत जे. एम. बॅरी यांच्या १९११ सालच्या कादंबरीत दिसते. कधीच मोठा न होणारा पीटर पॅन कित्येक वर्षांनी बालमैत्रीण वेंडीला न्यायला येतो, तेव्हा ती लेकीच्या खोलीत शेकोटीच्या उजेडात रफू करत बसलेली असते आणि त्याला पाहताच अंग चोरून होता होईल तितकी लहान दिसू पाहते. ती दिवा मोठा करायला निघते, तेव्हा एरवी कशालाही न भिणारा हा मुलगा ‘‘दिवा नको’’ म्हणून कळवळतो. मला तिथे कीव येते ती पीटरची.

प्रतिसाद ३
फिलिप पुलमन यांच्या १९९५ ते २००० मधील त्रयीत माणसाचा आत्मा प्राण्याच्या रूपात सोबत वावरतो. लहानपणी तो क्षणोक्षणी रूप बदलतो आणि वयात येताना एकाच रूपात स्थिरावतो. तो स्थिरावण्याआधीच मुलांपासून कापून काढणारी मोठी माणसे या कथेत खलनायक आहेत.

प्रश्नकर्ती
हे मुलीला सांगितले, तर तिची शंका अशी, की नावडता प्राणी वाट्याला आला तर? पुस्तकातला खलाशीही नायिका लायराला हेच बजावतो, की सिंह हवा असलेल्या पुष्कळांना शेवटी पूडल कुत्रा मिळतो. सध्या ती प्राण्यांची यादी करते आहे आणि सिंहावर दोनदा काट मारून झाली आहे.