शब्दचर्चा : 'क्रेफिश', 'बॉइली' आणि 'हेअर रिग' यांना मराठीत काय म्हणावे?

रंकाळाकाठ : इंग्लंडातल्या तळ्यांत कार्प मासा कसा धरतात, यावरचा मजकूर मराठीत आणायचाय. वाचक कोल्हापूरकडचे गळवाले. पाण्यात क्रेफिश असले तर आमिष टिकत नाही, मग गळ आणि आमिष कसं बदलायचं, हा विषय. वरचे तीन शब्द अडलेत. क्रेफिशला 'झिंगा' चालेल?

शब्दखोड : झिंगा नको. त्यानं कोळंबी डोळ्यांपुढे येते, तिच्या नांग्या काटकुळ्या. शेवंडही नको, आपल्या किनाऱ्यावरच्या शेवंडाला मोठ्या नांग्याच नसतात आणि क्रेफिशची सगळी करामत नांग्यांत. भारतात मूळचा क्रेफिश नाही, म्हणून देशी नाव शोधत बसू नका. शब्द तसाच ठेवा, पण पहिल्यांदा येईल तिथं 'गोड्या पाण्यातला नांगीवाला कवचधारी प्राणी' असं जोडा. नाहीतर 'फिश'मुळे लोक मासा समजतील. इंग्रजीतही ते शेपूट ऐकण्याच्या घोळातून चिकटलंय, मूळ फ्रेंच शब्दात मासा नाही.

बंधाऱ्यावरचा : आणि एक ओळ खेकड्याची टाका, चटकन कळंल. राजाराम बंधाऱ्याच्या दगडाजवळ पेंडेचा गोळा सोडला की खेकडा जे करतोय तेच तिकडं सिग्नल जातीचा क्रेफिश करतोय. हा उत्तर अमेरिकेचा, १९७०च्या दशकात पाळायला म्हणून ब्रिटनमध्ये आणला आणि नद्या-तळ्यांत पसरला. डेंग्यात, म्हणजे नांगीत, आमिष धरून तुकडे तोडतोय. रात्री आणि उन्हाळ्यात जास्त, पाणी गार पडलं की मंदावतोय.

पेंडवाला : 'बॉइली' म्हणजे उकळून घट्ट केलेली आमिषाची गोळी, तिला 'उकडगोळी' म्हणता येईल. कृतीच नावात येते. रवा २५० ग्रॅम, सोयाबीनचं पीठ २५० ग्रॅम, अंडी ५-६. घट्ट मळून १६ मिमीच्या गोळ्या, उकळत्या पाण्यात एरवी २ मिनिटं. क्रेफिशच्या पाण्यासाठी ४-५ मिनिटं उकळा आणि आठवडाभर सावलीत वाळवा. उन्हात ठेवल्या तर वरून तडकतात, आत ओल राहते, मग बुरशी धरते. सुकटीची पूड घालू नका, त्या वासाला मासा येण्याआधी क्रेफिश येतो. तरी नुसत्या कडकपणाने काम भागत नाही. गोळीवर पातळ नायलॉन मोज्याचा एक पदर ताणून बसवा, पीळ देऊन दोऱ्यानं बांधा, शेपूट कापा. हे त्या गोळीचं चिलखत. तेही फाटत असेल तर प्लास्टिकचा मक्याचा दाणा, तो कोणी खात नाही.

शब्दखोड : उकडगोळी छान, पण दुकानात जाऊन मागणार कोण? 'बॉइली' एकदा देऊन पुढं 'गोळी' म्हणा. गळवाले तसंही गोळीच म्हणतात.

रंकाळाकाठ : आणि हेअर रिग, म्हणजे गोळी गळाला जोडायची पद्धत? 'केसगळ' केलंय.

बंधाऱ्यावरचा : केसगळ म्हटल्यावर लोक तेल विचारत येतील.

शब्दखोड : 'शेंडी' कसं वाटतं? गळाच्या दांडीमागून निघालेला बारीक दोरा, त्यावर गोळी ओवलेली, गळ मोकळा. मासा गोळी तोंडात ओढतो, गळ मागोमाग जातो.

पेंडवाला : शेंडी पटली. मग मजकुरात हेही लिहा की मोज्याचा पदर शेंडीवरच राहिला पाहिजे, गळाच्या वाकात आला तर टोक झाकतं आणि मासा सुटतो. गोळी आणि वाक यांत ५ मिमी तरी फट ठेवा.

बंधाऱ्यावरचा : गळाची दोरी मऊ विणीची घेऊ नका. क्रेफिश गोळी उचलून फिरतोय, मऊ दोरीचा गुंता होतोय आणि डेंग्यानं तिचे धागे सुटतात. ताठ, वेष्टणवाली दोरी किंवा जाड तंगूस, १५ ते २० सेंमी. गोळी बुचानं तळापासून ५-८ सेंमी उचलली तर त्रास कमी होतो, जात नाही. शक्य तर दगड सोडून गाळाकडं टाका. दर २ तासांनी काढून बघा. गळाचं टोक नखावर घासा, घसरलं तर बोथट, बदला.

रंकाळाकाठ : 'बाइट'ला 'चावा' लिहिलंय.

बंधाऱ्यावरचा : चावा डासाचा. माशाची 'ओढ', क्रेफिशचं 'टोकणं'. घुंगरू एकदा वाजलं, तंगूस बोटभर सरकली आणि सैल झाली, तर ते टोकणं, हात लावू नका. सलग दोर जायला लागली की ओढ. दोन्हीला एकच शब्द वापरला तर वाचक प्रत्येक टोकण्याला झटका मारंल आणि मोकळी शेंडी वर येईल.

शब्दखोड : मासे जमावेत म्हणून गळाभोवती सुटं खाद्य टाकण्याचंही बघा. मूठभर टाकलं तर क्रेफिश त्या खाद्यावर आणि गळावरही जमतो. काही जण मुद्दाम भरपूर टाकतात, तो दुसरीकडं गुंतावा म्हणून. दोन्ही मतं द्या, पण 'चारा' म्हणू नका, जनावरांचा वाटतो.

पेंडवाला : आपल्याकडं त्याला पेंड टाकणंच म्हणतात, पेंड नसली तरी.