‘ग्रेन’ला मराठीत काय म्हणावे: दाणा, कण, रवा की कणी?

विचारणा

आम्ही दोघे मिळून ग्रॅन्युलर सिंथेसिसचे एक प्लगइन, म्हणजे संगीताच्या सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, तयार करीत आहोत. त्याच्या पडद्यावरची नावे आणि नॉबवर माउस नेला की उमटणारी दोन ओळींची मदत इंग्रजीबरोबर मराठीतही द्यावी, असे ठरले आहे. ज्यांना हा प्रकार अपरिचित असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: ध्वनिमुद्रणातून साधारण १ ते १०० मिलिसेकंद लांबीचे तुकडे उचलायचे, प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही कडा हळुवार उतरत्या करायच्या आणि ते सेकंदाला दहा, चाळीस, दोनशे अशा संख्येने, हव्या त्या क्रमाने व हव्या त्या पट्टीत पुन्हा वाजवायचे, म्हणजे मुळापेक्षा निराळा आवाज उभा राहतो. या तुकड्याला इंग्रजीत ‘ग्रेन’ म्हणतात. मी त्याला ‘दाणा’ आणि एकूण प्रकाराला ‘दाणेदार संश्लेषण’ असे लिहिले होते. माझ्या सहकाऱ्याला, जो गाणे शिकलेला आहे, ते मुळीच पटले नाही. त्याचे म्हणणे असे की गाणाऱ्यांच्या जगात ‘दाणेदार’चा अर्थ आधीच ठरलेला आहे. आपले मत काय?

प्रतिसाद

आपल्या सहकाऱ्याचे म्हणणे बरोबर आहे. ‘दाणेदार तान’ हे कौतुकाचे शब्द आहेत. तान कितीही द्रुत असली तरी तिच्यातला प्रत्येक स्वर सुटा, टपोरा आणि आपल्या जागी ऐकू येतो, तेव्हाच ते वापरतात. स्वर एकमेकांत लडबडले की ती तान दाणेदार राहत नाही. आपल्या प्लगइनचा उद्देश बहुतेक वेळा याच्या नेमका उलट असतो, कारण तिथे तुकडे इतके दाट वाजवायचे असतात की ते सुटे ऐकू येऊच नयेत. म्हणजे ‘दाणेदार’ हे नाव या प्रकाराच्या फक्त एका टोकाला लागू पडते. मी तो शब्द टाकून देणार नाही, पण त्या टोकासाठीच राखून ठेवीन.

‘कण’ शास्त्राच्या बाजूने सर्वांत सरळ आहे. हंगेरीत जन्मलेले आणि पुढे इंग्लंडमध्ये काम केलेले भौतिकशास्त्रज्ञ डेनिस गाबोर यांनी १९४६ आणि १९४७ मधल्या लेखांत असे मांडले की ध्वनीकडे केवळ अखंड लहर म्हणून न पाहता काळ आणि कंप्रता (फ्रिक्वेन्सी) या दोन्हींत मर्यादित असलेल्या सूक्ष्म एककांची बेरीज म्हणूनही पाहता येते. त्यांनी या एककांना ‘क्वांटम’ म्हटले, आणि भौतिकशास्त्राच्या मराठी पुस्तकांत त्याला ‘पुंज’ असा शब्द आहे. पण नॉबवर ‘पुंज’ लिहिले तर वादकाला काहीच बोध व्हायचा नाही. ‘कण’लाही एक अडचण आहेच. हिंदुस्थानी संगीतात ‘कणस्वर’ म्हणजे मुख्य स्वराला ओझरता स्पर्श करून जाणारा स्वर, जो स्वरलिपीत लहान अक्षरात वर लिहितात. त्यामुळे ‘स्वरकण’ असा समास टाळावा. ‘ध्वनिकण’ किंवा नुसते ‘कण’ चालेल.

‘रवा’ मला मनापासून आवडतो, कारण चांगल्या तुपाला आपण ‘रवाळ’ म्हणतो तेव्हा कण असूनही एकसंध वाटणे हा नेमका गुण सांगत असतो. संस्कृत ‘रव’ म्हणजे आवाज, हा योगायोगही सुखद आहे. दोन्ही शब्दांचे मूळ एकच असल्याचा माझा दावा नाही. मात्र ‘रव्याची लांबी’ असे पडद्यावर दिसताच वाचणाऱ्याला उपमा आठवेल, याला इलाज नाही.

आता ‘कणी’. तांदळाची कणी म्हणजे अख्खा दाणा नव्हे, तर मोडलेल्या दाण्याचा तुकडा. गाबोर यांची कल्पना मुळातच लहान अशा एककाची आहे, तर आपण तयार ध्वनिमुद्रण मोडून तुकडे काढत आहात. ग्रीक संगीतकार यानिस झेनाकिस यांनी १९५८-५९ मध्ये टेपचे तुकडे चिकटवून कणांची रचना केली, ते कण शुद्ध साइन स्वरांचे (एकाच कंप्रतेच्या साध्या स्वरांचे) होते; त्यांना ‘दाणा’ शोभला असता, आपल्याला अर्थाने ‘कणी’च शोभते. अडचण अनेकवचनाची आहे, कारण ‘कण्या’ म्हटले की ताक हवेच.

विचारणा करणाऱ्याचे उत्तर

‘एका टोकासाठी राखून ठेवावा’ या सूचनेने आमचा वेगळाच गुंता सुटला, तो मांडतो. आम्ही ‘घनता’ असा नॉब केला होता, म्हणजे सेकंदाला किती कण. चार सेकंदांचे तंबोऱ्याचे मुद्रण घेतले, कणाची लांबी ५० मिलिसेकंद ठेवली आणि घनता २० केली. हिशेबाने एक कण संपतो तिथेच दुसरा सुरू होतो, तेव्हा आवाज सलग यावा अशी आमची अपेक्षा होती. प्रत्यक्षात सेकंदाला वीस वेळा फडफड ऐकू आली, कारण प्रत्येक कणाच्या कडा शून्यापर्यंत उतरतात आणि दर सांध्यावर आवाज बुडतो. घनता ४० केल्यावर प्रत्येक कण पुढच्याशी निम्मा चढला, एकाचा उतार दुसऱ्याच्या चढावाने भरून निघाला आणि फडफड थांबली. पण लांबी २५ वर आणताच ४० घनतेलाही ती परत आली. म्हणजे वापरणाऱ्याला कानाने जे जाणवते ते नुसत्या घनतेत सापडत नाही. घनता आणि लांबी यांच्या गुणाकारात, एका क्षणी सरासरी किती कण वाजत आहेत यात, ते सापडते. ४० गुणिले ०.०५ म्हणजे २. या आकड्याला आम्ही ‘थर’ म्हणतो आहोत आणि आता नॉब त्याचाच ठेवावा, घनता आपोआप निघावी, असा विचार आहे. नॉबच्या डाव्या टोकाला ‘दाणेदार’ आणि उजव्या टोकाला ‘एकजीव’ असे लिहिले तर?

प्रतिसाद

‘एकजीव’ उत्तम. पीठ मळणारा, चटणी वाटणारा आणि आवाज मिसळणारा या तिघांनाही तो न समजावता समजतो. ‘थर’ही ठेवा.

मी शेतीच्या घरातला आहे, म्हणून कण कसे टाकावेत याविषयी एक सुचवतो. कण ठरावीक अंतराने टाकले तर त्या अंतराचीच एक कंप्रता आवाजावर बसते. सेकंदाला ५० कण अगदी समान अंतराने टाकले की मूळ स्वर कोणताही असो, ५० हर्ट्‌झची गुणगुण त्यात मिसळलेली ऐकू येते. अंतर अनियमित केले की ती गुणगुण विरून जाते आणि आवाज ढगासारखा पसरतो. इंग्रजी नावांचे शब्दशः भाषांतर करून ‘समकालिक’ आणि ‘असमकालिक’ लिहिण्यापेक्षा हा फरक आपल्याकडे पेरणीत आहे: पाभरीने पेरले तर बी सरळ ओळीत पडते आणि हाताने फोकले तर विखरून पडते. ‘पाभर’ आणि ‘फोक’ हे शब्द शहरातल्या वापरणाऱ्याला कळणार नाहीत, हे मान्य आहे. परंतु ‘पेरणी’ हे त्या विभागाचे शीर्षक आणि त्याखाली ‘ओळीत’ व ‘विखुरलेली’ असे दोन पर्याय ठेवले तर कोणालाही कळतील.

प्रतिसाद

ढगावरून आठवले: कणांच्या अशा पुंजक्याला ‘मेघ’ म्हणू नये, गाणारा राग शोधत बसेल. ‘ढग’च बरा.

आवाज एका जागी धरून ठेवणाऱ्या बटणाला ‘गोठवा’ म्हणण्याची रूढी पडते आहे, तिच्याशी मी सहमत नाही. गोठलेल्या वस्तूत हालचाल नसते. इथे मुद्रणातली वाचण्याची जागा तेवढी थांबते, कण पडतच राहतात आणि आवाज जिवंत असतो. ‘थांबवा’ तर त्याहून चुकीचे, कारण शांतता होईल अशी अपेक्षा निर्माण होते. मी ‘इथेच धरा’ लिहीन. उंचसखलपणासाठी ‘पट्टी’ हा शब्द पेटीवाल्यांपासून सर्वांच्या तोंडी आहे, तोच घ्यावा.

‘कण’च्या बाजूने व्याकरणाचा एक मुद्दा राहिला. ‘दाणा’चे ‘दाणे’ होतात, ‘कणी’च्या ‘कण्या’ होतात, आणि आकडा बदलला की पडद्यावरचा शब्दही बदलणारा कोड लिहावा लागतो. ‘१ कण’ आणि ‘४० कण’ यांत तसे काही करावे लागत नाही.

विचारणा करणाऱ्याचे उत्तर

हा शेवटचा मुद्दा सहकाऱ्याने वाचला आणि तिथेच निर्णय झाला: नाम ‘कण’, आवाजाच्या पोतासाठी विशेषण ‘रवाळ’, आणि ‘दाणेदार’ फक्त नॉबच्या डाव्या टोकाला. ‘थर’च्या नॉबची मदत अशी लिहिली आहे: “एका वेळी सरासरी किती कण वाजावेत ते ठरवा. १ च्या खाली कण सुटे ऐकू येतात. २ च्या वर ते एकमेकांवर चढतात व आवाज सलग होतो.”

प्रतिसाद

‘चढतात’ऐवजी ‘मिसळतात’ करावे. आवाज चढणे म्हणजे मोठा होणे, असाही अर्थ कोणी घेईल.