मुठीला खायचं तेल नको

या चर्चेत वर कुणीतरी सुरीच्या कोरड्या पडलेल्या लाकडी मुठीला स्वयंपाकाचं तेल चोळायला सांगितलंय. कृपया तसं करू नका. शेंगदाण्याचं किंवा खोबरेल तेल लाकडात वाळत नाही, चिकट राहतं आणि पुढे खवट वास मारतं. जवसाचं तेल हवा लागून घट्ट होतं, म्हणून तेच घ्या. मात्र रंगकामासाठी मिळणारं 'उकळलेलं' नको, त्यात बहुधा लवकर वाळण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात.

आधी पात्याला जाड चिकटपट्टी गुंडाळा. मूठ १२० आणि मग २४० नंबरच्या पॉलिश पेपरने लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासा. नंतर ओल्या फडक्याने पुसा. वाळली की लाकडाचे बारीक तंतू उभे राहिलेले बोटाला टोचतात. ते ४०० नंबरने काढा. ही पायरी गाळलीत तर पहिल्याच धुण्यात मूठ पुन्हा खरखरीत होते. तेलाचा हात अगदी पातळ द्या, थोड्या वेळाने जादाचं पुसा. वाळायला कित्येक दिवस लागतात.

आणि ते तेलकट फडकं चुरगाळून टाकू नका, आपोआप पेट घेऊ शकतं! मोकळ्या हवेत पसरून वाळवा.

मूठ हलत असेल तर आधी रिव्हेट, म्हणजे मूठ पात्याला जोडणारे धातूचे खिळे, बघा. फटीत पाणी मुरून आतलं पोलाद गंजत असतं, तिथे तेलाचा उपयोग नाही.