सोनोग्राफीतली लांबी नॉर्मल म्हणजे किडनी नॉर्मल?

‘दोन्ही किडन्या १०.५ सेंटिमीटर आहेत, म्हणजे जुना आजार नाही’ असं एका सोनोग्राफी रिपोर्टवरच्या चर्चेत कुणीतरी म्हटलंय, त्यात थोडी भर घालतो. उलट बाजूने ते बरंचसं खरं आहे. दोन्ही किडन्या ८ च्या आसपास आक्रसल्या असतील, कॉर्टेक्स (किडनीचा बाहेरचा थर) पातळ आणि लिव्हरपेक्षा पांढरट दिसत असेल, तर दुखणं जुनं आणि बहुधा मागे न फिरणारं. पण नॉर्मल लांबी पाहून निर्धास्त होऊ नका. मधुमेहात क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की रक्तात साठणारा टाकाऊ पदार्थ) वाढलेलं असतानाही किडनी चांगली भरलेली दिसू शकते. अमायलॉइडोसिसमध्येही (अवयवांत विकृत प्रथिन साचण्याचा आजार) तेच, आणि पॉलिसिस्टिकमध्ये (किडनीत पाण्याच्या गाठी होण्याचा आजार) तर ती फुगतच जाते.

बुटक्या माणसाची किडनी लहान असणारच, डावी उजवीपेक्षा किंचित लांब असते. दोघींत दीड सेंटिमीटरहून जास्त फरक असेल तर मात्र रक्तवाहिनी अरुंद झालीय का, हे बघावं लागतं. मागच्या रिपोर्टपेक्षा अर्धा सेंटिमीटर ‘घटली’ म्हणून घाबरू नका. प्रोब (अंगावर फिरवायचं सोनोग्राफीचं उपकरण) जरा तिरका धरला तरी एवढं इकडेतिकडे होतं.

मला विचाराल तर कॉर्टेक्सची जाडी मुद्दाम लिहून मागा, लांबीपेक्षा ती ईजीएफआरशी (किडनी किती गाळते याचा रक्ततपासणीवरून काढलेला अंदाज) जास्त जुळते. आणि लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन) तपासलंय का? त्या चर्चेत त्याचा उल्लेख कुठेच दिसला नाही.