चिंचेने घासलेला जर्मन बिल्ला: खरा की नकली?

तेलकट चीफ

मंडळी, मी मर्चंट नेव्हीतून निवृत्त झालेला चीफ इंजिनियर, मुक्काम पुणे. प्रश्न एका बिल्ल्याचा आहे, पण आधी थोडं पाल्हाळ सहन करा.

१९८६ च्या उन्हाळ्यात आमचं जहाज हॅम्बुर्गला लागलं होतं. मी फिफ्थ इंजिनियर, म्हणजे इंजिनरूममधला शिकलेला हमाल. रविवारी पहाटे सेकंड इंजिनियर साहेबांनी आम्हाला झोपेतून ओढून आल्टोनाच्या मासळीबाजारात नेलं. हा बाजार उन्हाळ्यात पहाटे पाचला भरतो आणि साडेनऊला गुंडाळतो. मासळी, केळ्यांचे घड, ओरडून ओरडून घसा बसलेले विक्रेते, आणि कडेला चादरी अंथरून जुनापुराणा माल. तिथे एक म्हातारा तंबाखूच्या पत्र्याच्या डबीत चार-पाच वस्तू घेऊन बसला होता. हा बिल्ला त्या डबीतला. साठ मार्क मोजले. आईसाठी स्वेटर घ्यायचे पैसे होते ते, त्यामुळे रक्कम पक्की आठवते.

बिल्ला लंबगोल, उंची साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास. कडेने ओकच्या पानांची माळ, वर पंख पसरलेला गरुड, त्याच्या पायात स्वस्तिक, आणि मधोमध समुद्रातून उसळलेला पाण्याचा स्तंभ. स्वस्तिकावर म्हाताऱ्याने चिकटपट्टीचा तुकडा लावला होता. का, ते तेव्हा कळलं नाही. मोडक्या इंग्रजीत तो म्हणाला की तो सुरुंग काढणाऱ्या बोटीवर होता आणि लढाई संपल्यावरही दोन वर्षं तेच काम करत होता. मला वाटलं, म्हातारा गिऱ्हाइकाला रंगवून सांगतोय. १९४५ ला हरलात, मग कुणाचे सुरुंग काढत होतात?

आता खरी अडचण. आई अठ्ठ्याऐंशीची आहे. मी घर बदललं तेव्हा सामानात तिला हा सापडला. "स्वस्तिक आहे, ड्रॉवरमध्ये लोळत कसा ठेवायचा?" म्हणून तिने तो परस्पर देवघरात ठेवला. आणि गेल्या दसऱ्याला समया-ताम्हनाबरोबर चिंच-मीठ लावून खसाखसा घासला. आधी कडेला थोडा सोनेरी रंग होता, तो गेला. आता सगळा करडा, खरखरीत, जुन्या नळाच्या तोटीसारखा.

हा खरा आहे का, ते घरबसल्या कसं ओळखायचं? आणि चिंचेचं काही निस्तरता येईल का? विकायचा नाही, आधीच सांगतो.

---

कीलकर

काका, मी चौदा वर्षं जर्मनीतल्या कील बंदरात आहे. नौदलाचे बिल्ले जमवतो आणि त्यात दोनदा चांगला फसलो आहे, तेव्हा अधिकार आहे असं समजा.

तुमचा बिल्ला सुरुंगशोधक, पाणबुडीविरोधी आणि ताफारक्षक दलांचा. ३१ ऑगस्ट १९४० ला सुरू झाला, आराखडा बर्लिनच्या ओटो प्लाचेकचा. साधारण तीन मोहिमा झाल्या की मिळायचा. सुरुंग काढणाऱ्या बोटी पुष्कळ होत्या, म्हणून हा यू-बोटीच्या, म्हणजे जर्मन पाणबुडीच्या, बिल्ल्याइतका दुर्मीळ नाही. नकला याच्याही निघतात, पण यू-बोटीच्या बिल्ल्यामागे नकली माल करणारे जसे हात धुऊन लागलेत तसे याच्यामागे नाहीत.

म्हाताऱ्यावर मात्र तुम्ही अन्याय केलात. युद्धानंतर बाल्टिक आणि उत्तर समुद्र सुरुंगांनी भरलेले होते. ते काढायला ब्रिटिशांनी जर्मन खलाशांनाच त्यांच्याच बोटींवर कामाला ठेवलं आणि १९४७ अखेरपर्यंत ते काम चाललं. दोन वर्षं म्हणाला ना? हिशेब बरोबर बसतो. चिकटपट्टीचंही तसंच. इथे ते नाझी चिन्ह चारचौघांत दाखवणं गुन्हा आहे, विक्रेते आजही झाकूनच ठेवतात. पण म्हातारा खरा म्हणून बिल्ला खरा, असं होत नाही. स्वतःचा हरवला म्हणून बाजारातून दुसरा घेतलेले माजी सैनिक होतेच की.

आता धातू. सुरुवातीचे बिल्ले टोंबाकचे, म्हणजे तांबं जास्त असलेल्या पितळेचे. हाताला जड, कडा धारदार, मुलामा टिकाऊ. तांब्याची चणचण झाली तसा कारभार जस्तावर आला. जस्तावर मुलामा धरत नाही, वर्षं गेली की फोड येतात, रंग उडतो आणि करडं अंग उरतं. तुमचं वर्णन जस्ताचं वाटतं. चिंचेला टोंबाक चकाकला असता. जस्ताला आम्ल खातं.

सराफी भिंग घ्या, दहापटीचं. खरा बिल्ला बहुधा ठशाखाली दाबलेला असतो: पानांच्या शिरा स्वच्छ, खोलगट भाग गुळगुळीत. ओतीव नकलेत खोलगट जागी बारीक पुरळ दिसतं, शिरा साबणाच्या वडीसारख्या बुजलेल्या असतात आणि कडेला साच्याची रेघ घासून काढल्याच्या खुणा असतात. मग पाठ पाहा. जस्ताला डाख नीट बसत नाही, म्हणून बिजागरी आणि आकडा बहुधा अंगातच दाबून, ठोकून बसवलेले असतात. जस्ताच्या पाठीवर बिजागरीभोवती डाखाचा ढेकळासारखा गोळा दिसला तर मी दोन पावलं मागे सरकतो.

पाठीवर काही लिहिलंय का? बर्लिनच्या श्वेरीन कारखान्याच्या बिल्ल्यांवर प्लाचेकचं आणि कारखान्याचं अशी दोन्ही नावं असतात. 'आर. एस.' असेल तर आधी सांगा. ते व्हिएन्नाच्या रुडॉल्फ सूवाल या कारखानदाराचं, त्याने युद्धानंतरही माल काढला, त्यावर वेगळं बोलावं लागेल. १९५७ च्या जर्मन कायद्याने स्वस्तिक काढून बिल्ले लावायची मुभा दिली, त्यानंतरचे बिनस्वस्तिकाचे बिल्लेही असतात, पण तुमच्यावर स्वस्तिक आहे, म्हणजे तो प्रश्न मिटला.

---

सड्यावरचा

विषय निघालाच आहे तर आमचाही एक. आम्ही वास्कोचे. आजोबा मुरगाव बंदरात कामाला होते. जळालेल्या 'एहरनफेल्स' जहाजावरच्या जर्मन खलाशाने त्यांना यू-बोटीचा बिल्ला दिला, असं घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. एका व्यापाऱ्याने या गोष्टीसकट लाखाची बोली लावली आहे. देऊन टाकू का?

---

कीलकर

बिल्ल्यावर वर काय आहे? मुकुट की गरुड?

---

सड्यावरचा

गरुड. स्वस्तिक धरलेला.

---

कीलकर

मग तारखा लावून बघा. 'एहरनफेल्स' हे मालवाहू जहाज. युद्ध पेटलं तसं ते पोर्तुगीजांच्या तटस्थ बंदरात आश्रयाला आलं आणि मार्च १९४३ मध्ये कलकत्ता लाइट हॉर्स या ब्रिटिश स्वयंसेवक पलटणीच्या लोकांनी छापा घातला त्या रात्री बुडालं, तोवर तिथेच होतं. गरुडवाला बिल्ला सुरू झाला १३ ऑक्टोबर १९३९ ला, आणि तो साधारण दोन मोहिमा केलेल्या पाणबुडीवाल्यांना मिळायचा. मुरगावला अडकलेल्या माणसाला तो मिळणार कसा? पहिल्या महायुद्धातला एखादा म्हातारा खलाशी असता तर १ फेब्रुवारी १९१८ चा, कैसरच्या मुकुटाचा बिल्ला एकवेळ पटला असता. म्हणून मुकुट विचारला.

बिल्ला खरा असू शकतो. गोष्टीची आणि त्याची सोयरीक कुणीतरी नंतर जुळवली आहे. व्यापारी लाख देतोय ते गोष्टीचे, आणि पुढच्याला तो तीच दोन लाखांना सांगेल. विकायचाच असेल तर गोष्ट वगळून विका.

---

मृण्मयी

मी यातली जाणकार नाही. पण या चिन्हाखाली लाखो माणसं मारली गेली, आणि तुम्ही मुलाम्याची चर्चा करताय. तेही देवघरातल्या वस्तूची?

---

तेलकट चीफ

मृण्मयीताई, देवघरातून त्याच दिवशी काढला. आईला सगळं सांगितलं. "आपल्यासारखंच दिसतं गं बाई," म्हणाली आणि थोडा वेळ गप्प बसली. फेकून मात्र देणार नाही. तो म्हातारा तेव्हा माझ्या आजच्या वयाचा असेल, आणि मी त्याला खोटारडा समजून चाळीस वर्षं काढली.

कीलकर, अहवाल घ्या. पाठीवर काहीही लिहिलेलं नाही. भिंगातून पानांच्या शिरा बारीक पण स्पष्ट दिसतात. माळेवर समोरून चिंचेने खड्डे पाडलेत, पण पाठीला आईचा हात कमी लागला होता, तिथे पुरळ नाही. बिजागरी अंगातच दाबलेली. पिन चुंबकाला चिकटते, बिल्ला नाही. एवढ्यावर समाधान होईना, म्हणून ओळखीच्या सराफाकडे गेलो. त्याच्याकडे दागिन्यांचं कॅरेट बघायचं मशीन आहे. जवळजवळ सगळं जस्त, किंचित तांबं, सोनं शून्य. सराफ म्हणाला, "काका, याच्यापेक्षा तुमची अंगठी विका."

---

कीलकर

मशीनची युक्ती आवडली. ते वरवरचाच थर वाचतं आणि नकली माल करणाऱ्यांकडेही जस्त असतंच, त्यामुळे नुसत्या आकड्यांवर मी शिक्का मारला नसता. टोंबाकवर पाऱ्याच्या पद्धतीचा जुना मुलामा असता तर पाऱ्याचा मागमूस दिसला असता. तो फार बोलका पुरावा. तुमच्या उशिराच्या बिल्ल्यावर मुलामा मुळात नावापुरताच असणार.

पाठ, बिजागरी आणि शिरा मिळून माझं मत: मूळचा, युद्धाच्या उत्तरार्धातला. अंतिम शब्द हातात घेऊन पाहिल्याशिवाय नाही. जमवणाऱ्याच्या नजरेतून किंमत निम्म्याहून खाली आली आहे, पण तुम्हाला विकायचा नाही म्हणजे दुःख नाही.

गेलेला रंग परत येत नाही. नवा मुलामा देऊ नका, पॉलिश तर नकोच. डिस्टिल्ड पाण्याने चिंच-मिठाचा अंश धुऊन काढा, पूर्ण वाळवा, आणि सिलिका जेलची पुडी टाकून बंद डबीत ठेवा. लाकडी पेटीत नको, लाकडातून आम्लाची वाफ निघते, तीही जस्ताला बाधते.

---

तेलकट चीफ

धुतला, वाळवला. डबी शोधताना आठवलं, त्या म्हाताऱ्याने तंबाखूची डबीसुद्धा देऊ केली होती, पाच मार्क जादा. मी घेतली नव्हती.

आईला निकाल सांगितला. ती म्हणाली, "मग पुढच्या दसऱ्याला घासायचा नाही का?"