आईचा अँड्रॉइड, माझा आयफोन: लोकेशन पाठवायला तिसरं अ‍ॅप का लागावं?

पाऊलवाट

गेल्या आठवड्यात आई एकटीच लांबच्या प्रवासाला निघाली. निघताना तिने व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन पाठवलं, आठ तासांचं, म्हणजे तिथल्या कमाल मुदतीचं. पहिला तासभर तिचा छोटा गोल फोटो नकाशावर सरकत होता. मग एका नदीच्या पुलाअलीकडे तो थांबला आणि तिथेच राहिला. दर दोन मिनिटांनी मी नकाशा उघडत होते, फोटो जागचा हलत नव्हता. तिचा फोनही लागेना. पोचल्यावर तिनेच फोन केला. झालं होतं इतकंच, की बॅटरी उतरल्यावर फोनने बॅटरी सेव्हर लावला आणि मागे चाललेलं अ‍ॅप झोपवलं. तिला याचा पत्ताही नव्हता. तिच्या मते लोकेशन चालूच होतं.

माझ्या बहिणीकडे आयफोन आहे. आयफोनमधल्याच 'फाइंड माय' या ठिकाण दाखवणाऱ्या सोयीत आम्ही दोघी वर्षानुवर्षं एकमेकींना दिसतो, त्याची आठवणही राहत नाही. जिची सगळ्यात जास्त काळजी वाटते, नेमकी तीच मला दिसत नाही, कारण तिच्या फोनची सिस्टिम वेगळी आहे.

फोन लावताना किंवा एसएमएस पाठवताना समोरच्याच्या हातात कुठला फोन आहे हे आपण विचारत नाही. अक्षांश-रेखांश दोन्हीकडे तेच, उपग्रहही तेच. मग लोकेशन शेअरिंगचं एक समान मानक ठरवून ते दोन्ही सिस्टिममध्ये मुळातच का घालत नाहीत? माझं ठाम मत आहे की घालायला हवं.

तळटीप

अजिबात सहमत नाही. सोय आहे, तुम्ही ती नीट लावलेली नाही. गूगल मॅप्समधलं लोकेशन शेअरिंग मार्च २०१७ पासून आहे आणि ते अँड्रॉइड-आयफोन दोन्हींवर चालतं. 'मी बंद करेपर्यंत' असा पर्यायही आहे, म्हणजे आठ तासांची अडचण नाही. समोरच्याची बॅटरी किती टक्के उरली तेही दिसतं, म्हणजे फोटो का थांबला याचा अंदाज तुम्हाला आला असता.

आईच्या फोनमध्ये त्या अ‍ॅपला बॅटरीच्या बंधनातून वगळा, लोकेशनची परवानगी 'सर्व वेळ' करा. तुमच्या आयफोनवर 'ऑलवेज' आणि 'प्रिसाइज लोकेशन' चालू ठेवा, म्हणजे तुम्हीही तिला दिसाल. पाच मिनिटांचं काम आहे. त्यासाठी दोन कंपन्यांनी एक मानक आखायचं, मग ते जगभरच्या जुन्या-नव्या फोनवर न्यायचं, हे मला पटत नाही.

पाऊलवाट

@तळटीप, पाच मिनिटं तुम्हाला लागतील. ज्या माणसाला सेटिंगमधलं सेटिंग सापडत नाही त्याच्यासाठीच तर हे सगळं चाललंय.

आणि अ‍ॅपवर विसंबायचं तर किती दिवस? याच गूगलने २००९ साली 'लॅटिट्यूड' आणलं होतं. लोकांना सवय लागली आणि ऑगस्ट २०१३ मध्ये बंद केलं. 'झेनली' हे तसलंच अ‍ॅप स्नॅपचॅटवाल्या स्नॅप कंपनीने २०१७ साली विकत घेतलं आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये बंद करून टाकलं. दर वेळी घरातल्या प्रत्येकाला नवं अ‍ॅप, नवं खातं, नव्या परवानग्या. एसएमएस असा कुणी एका सकाळी बंद केला नाही.

उंबरठा

मी वेगळ्या बाजूने लिहिते आहे. हे लिहायला मला दोन दिवस लागले.

काही वर्षांपूर्वी मी एका नात्यात होते. सुरुवात अशीच झाली, 'काळजी वाटते'. मग वाटेत अकरा मिनिटं कुठे थांबलीस, हा रस्ता का घेतलास, नेट का बंद होतं. त्याचा फोन एका सिस्टिमचा, माझा दुसऱ्या. त्यामुळे त्याने माझ्या फोनवर एक अ‍ॅप टाकायला लावलं होतं. ते अधूनमधून अडकायचं, आणि ते अडकणं हाच माझा श्वास होता. 'अ‍ॅप बिघडलंय' म्हणायला जागा होती. शेवटी ज्या दिवशी मी निघाले, त्या दिवशी ते काढून टाकलं आणि त्याला ते संध्याकाळपर्यंत कळलं नाही.

हीच गोष्ट सिस्टिममध्ये असती, कधीच न अडकणारी, तर मी काय सांगितलं असतं? 'फाइंड माय'मध्ये शेअरिंग थांबवलं तर समोरच्याला सूचना जात नाही हे खरं, पण यादीतून नाव गेलेलं त्याला दिसतंच.

तुमच्या आईबद्दल मला काहीच म्हणायचं नाही. पण तुम्हाला जी अडचण वाटते, तिच्या आडोशाने कुणीतरी जगत असतं.

सूत्रधार

@उंबरठा, लिहिलंत हे फार बरं केलंत. तरीही मी धागाकर्तीच्या बाजूचा आहे, आणि कारण तुमच्या अनुभवातच आहे: त्याने टाकायला लावलं ते बाहेरचं अ‍ॅप होतं. अशी अ‍ॅप्स लोकेशनचं पुढे काय करतात ते आपल्याला दिसत नाही. 'लाइफ३६०' हे कुटुंबांसाठीचं अ‍ॅप वापरकर्त्यांचा लोकेशन डेटा दलालांना विकत असल्याची बातमी 'द मार्कअप'ने डिसेंबर २०२१ मध्ये दिली होती.

दोन कंपन्या एकत्र येत नाहीत असंही नाही. एप्रिल २०२० मध्ये कोविड-संपर्काच्या सूचनांसाठी अ‍ॅपल आणि गूगलने मिळून व्यवस्था जाहीर केली. अनोळखी ट्रॅकर (वस्तूचं ठिकाण कळवणारं छोटं यंत्र) आपल्यासोबत फिरत असेल तर इशारा मिळावा, म्हणून मे २०२३ मध्ये दोघांनी समान मानकाचा मसुदा आणला आणि वर्षभराने ते आयफोनच्या आयओएस १७.५ मध्ये आणि अँड्रॉइड ६ पासून पुढच्या फोनवर आलं. जुन्या फोनवर नेणं जमतं, @तळटीप.

आयओएस १८.२ पासून तर बॅगेत वगैरे ठेवायच्या एअरटॅगचं, म्हणजे अ‍ॅपलच्या ट्रॅकरचं, तो हरवला तर ठिकाण लिंकने कुणालाही पाठवता येतं. अँड्रॉइडच्या ब्राउझरमध्येही ती उघडते आणि सात दिवसांनी आपोआप संपते. बॅगेसाठी जमलं, माणसासाठी नाही.

उंबरठा

@सूत्रधार, ट्रॅकरचा इशारा अनोळखी वस्तूसाठी असतो. मी तर स्वतःच्या बोटाने 'शेअर' दाबलं होतं. दबावाखाली दिलेल्या 'हो'चा इशारा कुठलाही फोन देत नाही. सात दिवसांनी आपोआप संपणं मात्र मला आवडलं.

काजवा

एक मुद्दा राहतोय. आपत्कालीन क्रमांकाला फोन केला की बऱ्याच देशांत फोन स्वतःच नेमकं ठिकाण पाठवतो. या पद्धतीला एएमएल म्हणतात. अँड्रॉइडवर ती २०१६ पासून आहे, आयफोनवर २०१८ साली आयओएस ११.३ मध्ये आली. मदतकेंद्राला फोन कुठला हे बघावं लागत नाही. आणि ठिकाण जातं ते फक्त त्या कॉलपुरतं, एरवी नाही.

म्हणजे लोकेशन एखाद्या प्रसंगाला बांधता येतं. कायम दिसत राहायची गरज आपण उगाच गृहीत धरतो आहोत.

पाऊलवाट

@काजवा, हे पटलं. @उंबरठा, तुमचं वाचून 'कायम' हा शब्द मी मागे घेते. बहिणीशी असलेलं कायमचं शेअरिंगही काल आम्ही बोलून बंद केलं.

मला खरं हवंय ते आयफोनवर २०२३ पासून आहे, 'चेक इन'. निघताना प्रवासी स्वतः लावतो, पोचलं की ते समोरच्याला कळवतं आणि बंद होतं. वाटेत अडकलं तर आधी प्रवाशालाच विचारतं, उत्तर आलं नाही तरच ठिकाण आणि बॅटरी पुढे कळवतं. पण दोन्हीकडे आयफोनच हवा. एवढं एक तरी दोन्ही सिस्टिममध्ये यावं, यावर मी अजून ठाम आहे.

उंबरठा

सुरू करायचा अधिकार फक्त निघणाऱ्याचा असेल आणि समोरच्याला मागणी करायचं बटणच नसेल, तर माझा विरोध नाही. बटण आलं की सक्ती आली.

तळटीप

मागणीचं बटण नको, मान्य. मानकाची गरज मला अजूनही वाटत नाही. तोपर्यंत आईंच्या फोनमधलं बॅटरीचं सेटिंग तेवढं बदलाच.

पाऊलवाट

बदललं. फोनवरून एकेक पायरी सांगत, चाळीस मिनिटं लागली. दोनदा ती चुकून दुसऱ्याच पानावर गेली. परवा ती परत निघतेय, प्रवास अकरा तासांचा आहे. गूगल मॅप्सवर कायमचं नको असं तिनेच सांगितलं, म्हणून पुन्हा व्हॉट्सअ‍ॅपच. आठ तास संपायच्या आत गाडी जिथे थांबेल तिथून नव्याने पाठवायचं, असं तिने पाकिटातल्या चिठ्ठीवर लिहून घेतलंय.