आईच्या सुती साड्या आणि गोधडी

नमस्कार मंडळी,

आई जाऊन मार्चमध्ये वर्ष झालं. साताऱ्याहून परतताना तिची चार नऊवारी लुगडी आणि सात सहावारी सुती साड्या घेऊन आलो. कपाटात पडून विरतील, पण कात्री लावायला हात होत नाही. दिवाळीला गोधड्या देणाऱ्या काकू मंडळाच्या या लिस्टवर आहेत ना? मला शिकायचंय. बटण लावण्यापलीकडे शिवण येत नाही. एक मावशीला, एक बहिणीला आणि एक आईचं शेवटचं वर्ष ज्यांनी सांभाळलं त्या बाईंना द्यायची आहे.

– एडिसनहून (न्यू जर्सी)

*

अरे, कात्री हवीय कशाला? लुगड्याची गोधडी घडी घालून होते. नऊवारी साधारण 8.2 मीटर. तिच्या चार घड्या घातल्या की दोन मीटर लांब आणि पन्ह्याएवढी, म्हणजे 45 इंच रुंद, चार थरांची गोधडी तयार. इथल्या हीटरच्या घरात तेवढी पुरते. सहावारीच्या तीन घड्या घाल, मांडीवर घ्यायला छान होते. विरलेला भाग आतल्या थरात जाऊ दे, काठ बाहेर दिसू देत.

आधी सगळ्या साड्या धू. ओल्या पांढऱ्या फडक्याने गडद काठ घासून बघ. रंग उतरला तर ती साडी वेगळी ठेव. पहिल्या वर्षी मी लाल काठाचं लुगडं न बघता घेतलं आणि शेजारचा पांढरा थर पहिल्याच धुण्यात गुलाबी झाला. ती गोधडी कुणाला देववली नाही. टेरिलीन मिसळू नकोस. सुई अडते आणि कापूस जसा अंगाशी बसतो तसं ते बसत नाही.

मग जमिनीवर पसर, कोपऱ्यांवर वजनं ठेव, हाताने सुरकुत्या बाहेर काढ आणि वीतभर अंतरावर कच्चे टाके घाल. ही पायरी गाळलीस तर आतले थर सरकून गोळा होतील. त्यानंतर धावदोरा. कडेपासून सुरुवात करून चारी बाजूंनी फिरत मध्याकडे यायचं, दोन ओळींत दोन बोटं अंतर. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी, म्हणजे मूळ आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या, बायकाही आपली कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, अशीच कडेकडून आत शिवत आणतात आणि कोपऱ्यांना कापडाची घडी घातलेली फुलं लावतात. दोरा हातभरच घे, लांब घेतला की गुंता होतो. टाके वाकडे येतील, येऊ देत. बाईंना ती गोधडी उबेला हवी आहे.

माझ्या हातून आजवर 41 गेल्या, वहीत लिहून ठेवते. देताना एकच सांगते: वापरा, धुवा, फाटली तर माझ्याकडे आणा, ठिगळ लावून देईन. कपाटात जपून ठेवलेली दिसली की मला वाईट वाटतं.

– गोधडीवाल्या काकू

*

काकू, एक भर घालू का? मी इथे बालरोग विभागात नर्स आहे. बारशाला गोधडी जरूर द्या, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या क्रिबमध्ये सुटं पांघरूण नको, असं अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स सांगते. बाळ जागं असताना, आपण शेजारी बसून, जमिनीवर अंथरायला ती उत्तम.

आणि बाहेर दान करायची असेल तर आधी विचारा. प्रोजेक्ट लायनस ही संस्था 1995 पासून आजारी आणि संकटातल्या मुलांना पांघरुणं देते, पण त्यांना हाताने केलेली, नवीन आणि धुता येणारी लागतात. जुन्या लुगड्याची तिथे चालणार नाही. त्यासाठी मी नवं सुती कापड आणते, धुऊन आटवते, मग शिवते. जुन्या साड्यांची गोधडी ज्याला ती साडी कुणाची हे ठाऊक आहे त्यालाच द्यावी, असं मला वाटतं.

*

दोघींचे आभार. काल बाईंसाठी हिरवं लुगडं जमिनीवर पसरलं. खोली अपुरी पडली, सोफा सरकवला.

एक अडचण आहे. बहिणीसाठी निवडलेल्या सहावारीला फॉल आहे आणि तो आईने हाताने लावलाय. तिचे टाके दिसतात. उसवायचा का?

*

उसवू नकोस. फॉलची बाजू कडेला येईल अशी घडी घाल. तिथे थर जाड होईल, साध्या सुईला जाणार नाही. शनिवारी मंडळाच्या हॉलवर घेऊन ये, माझ्याकडे दाभण आहे. ती कड आपण दोघं मिळून शिवू.

– काकू